तीन डेटाबेस, एक क्वेरी: जोडणी अर्ध्या तासाची, खरं काम त्यानंतरचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. सोलापुरातल्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतला टॉवेलचा कारखाना. मागावरून उतरलेल्या मालाची नोंद पोस्टग्रेस या डेटाबेस सॉफ्टवेअरमधल्या ‘उत्पादन’ डेटाबेसमध्ये होते. गाठी बांधून माल बाहेर पडला की त्याची नोंद त्याच मशीनवरच्या ‘डिस्पॅच’ या दुसऱ्या पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये. हिशेब साखर पेठेतल्या ऑफिसात, मायएसक्यूएल या दुसऱ्या सॉफ्टवेअरवर, आणि तिथे दर आर्थिक वर्षाला नवा डेटाबेस उघडला जातो. मालकांना एकच तक्ता हवा आहे: कुठल्या पार्टीचा किती माल तयार झाला, किती गेला, किती पैसे यायचे. विचारणाऱ्याने एकाच क्वेरीत, म्हणजे डेटाबेसला विचारलेल्या एका प्रश्नात, दोन डेटाबेसची नावं लिहून पाहिली, तर पोस्टग्रेसने ‘क्रॉस-डेटाबेस रेफरन्सेस आर नॉट इम्प्लिमेंटेड’ असं सांगून क्वेरी नाकारली. आता त्याला कळायला हवंय की एसक्यूएललाच, म्हणजे डेटाबेसशी बोलण्याच्या नेहमीच्या भाषेलाच, काही जोड देता येते का, की तिन्हींवर चालेल अशी स्वतःची छोटी क्वेरी भाषा लिहावी.

स्वतःची भाषा लिहू नका. मी सोलापुरात २२ वर्षं कारखान्यांचे आणि व्यापाऱ्यांचे डेटाबेस सांभाळतोय. या वाटेने गेलेली हुशार मुलं पार्सर, म्हणजे लिहिलेली क्वेरी वाचून समजणारा प्रोग्राम, लिहिण्यात दोन महिने घालवतात आणि शेवटी जॉइनपाशी, म्हणजे दोन टेबलांच्या ओळी जुळवण्यापाशी, अडकतात, कारण जॉइन कुठल्या मशीनवर करायचा हे ठरवणं हे पार्सरपेक्षा कितीतरी कठीण काम आहे. उद्या खरंच वेगळी भाषा लागलीच, तर अपाची कॅल्साइटसारखा तयार पार्सर आणि ऑप्टिमायझर (क्वेरी चालवायचा स्वस्त रस्ता शोधणारा भाग) घ्या. पण तुमच्या प्रश्नाला त्याची गरज नाही.

एसक्यूएलमध्ये ही सोय आहे. मानकाचा नववा भाग, एसक्यूएल/एमईडी, म्हणजे बाहेरच्या डेटाचं व्यवस्थापन, २००१ साली आला. त्याआधीपासून प्रत्येकाची आपापली रीत होतीच. ओरॅकलमध्ये टेबलाच्या नावापुढे ‘ॲट’चं चिन्ह टाकून लिंकचं नाव लिहितात, एसक्यूएल सर्व्हरमध्ये सर्व्हर, डेटाबेस, स्कीमा (टेबलांचा गट), टेबल असं चार भागांचं नाव लागतं. मायएसक्यूएलमध्ये एकाच सर्व्हरवरचे दोन डेटाबेस नुसत्या टिंबाने जोडले जातात, म्हणून तिकडून आलेल्या माणसाला पोस्टग्रेसचा नकार समजत नाही. पोस्टग्रेसमध्ये एकाच मशीनवरचा दुसरा डेटाबेससुद्धा परकाच धरला जातो. त्यासाठी फॉरेन डेटा रॅपर आहे, म्हणजे परक्या डेटाबेसची टेबलं इथे दाखवणारा जोड-भाग. २०११ च्या ९.१ आवृत्तीत तो वाचण्यापुरता आला, २०१३ च्या ९.३ मध्ये लिहिताही येऊ लागलं. एक्स्टेन्शन चढवा, सर्व्हरचा पत्ता द्या, कुठल्या युजरने तिकडे कुठल्या नावाने जायचं ते नोंदवा, आणि ‘इम्पोर्ट फॉरेन स्कीमा’ या एका वाक्याने तिकडची सगळी टेबलं इकडे दिसायला लागतात. तिकडचा युजर वाचण्यापुरताच ठेवा. एवढं झालं की जोडणी झाली. अर्धा तास पुरतो.

खरं काम यानंतर सुरू होतं, आणि या सगळ्या उत्तरात माझं म्हणणं एकच आहे: एकाहून जास्त डेटाबेसवर चालणाऱ्या क्वेरीत कुठलं काम कुठे होतं यावर वेगही ठरतो आणि उत्तर बरोबर येणार की नाही हेही ठरतं. एकाच डेटाबेसमध्ये हा विचार करावा लागत नाही, म्हणून आपल्याला त्याची सवय नसते.

वेगाचं आधी बघू. समजा डिस्पॅचच्या टेबलात १२ लाख ओळी आहेत आणि तुम्ही ‘उत्पादन’मध्ये बसून विचारता, गेल्या ७ दिवसांत काय गेलं? तारखेची अट लिहिताना सहज हात ‘करंट_डेट वजा ७’ असं लिहितो. क्वेरी चालते, उत्तर बरोबर येतं, पण यायला फार वेळ लागतो. आता त्याच क्वेरीच्या आधी ‘एक्सप्लेन व्हर्बोस’ लावा आणि ‘रिमोट एसक्यूएल’ अशी सुरुवात असलेली ओळ शोधा. पलीकडच्या डेटाबेसला प्रत्यक्षात काय पाठवलं ते तिथे शब्दशः दिसतं. तुम्हाला दिसेल की तिथे अट सांगणारं ‘व्हेअर’च नाही. तारखेची अट त्याच्या वर ‘फिल्टर’ म्हणून वेगळी लिहिलेली असेल. म्हणजे १२ लाख ओळी इकडे आल्या आणि मग इथे चाळल्या गेल्या. पोस्टग्रेसचा रॅपर ओळी एका वेळी १०० अशा मागवतो, तो त्याचा ठरलेला आकडा आहे. १२ लाखांना १२ हजार हेलपाटे.

असं का होतं? ‘करंट_डेट’चं उत्तर वेळेनुसार बदलतं. दोन मशीनची घड्याळं, टाइमझोन वेगळे असू शकतात, म्हणून रॅपर अशी अट पलीकडे पाठवण्याची जोखीम घेत नाही. दोन्हीकडे उत्तर नक्की एकच येईल अशीच गोष्ट तो पाठवतो. त्याचं हे सावध वागणं योग्यच आहे. उपाय साधा आहे. तीच अट कंसात ‘सिलेक्ट’ घालून लिहा, म्हणजे तारीख आधी इथे काढली जाते आणि तयार किंमत म्हणून पलीकडे जाते. पुन्हा एक्सप्लेन बघा. ‘रिमोट एसक्यूएल’च्या ओळीत आता ‘व्हेअर’ आलेलं असेल. हा बदल स्वतःच्या डोळ्यांनी एकदा बघितलेला माणूस पुढे कुठलीही क्वेरी ही ओळ वाचल्याशिवाय सोडत नाही.

जॉइनचंही तसंच. जोडायची दोन्ही टेबलं पलीकडच्या एकाच सर्व्हरवर असतील तर पोस्टग्रेस ९.६ पासून जॉइन तिकडेच होऊ शकतो, आणि १० पासून बेरजासुद्धा. पण एक टेबल इथलं आणि एक तिथलं असेल तर जॉइन इथेच होणार. आजचे ३०० लॉट इथल्या टेबलात आहेत आणि त्यांचं डिस्पॅच तिथे शोधायचंय, तर ३०० लॉट नंबरांचा ॲरे, म्हणजे यादी, करून ‘हा लॉट नंबर या ॲरेत आहे का’ अशी अट लिहा. ॲरे पलीकडे जातो, तिथला इंडेक्स, म्हणजे शोधसूची, वापरला जातो, आणि हव्या तेवढ्याच ओळी परत येतात. यात नवं काही नाही. १९७० च्या दशकात एसडीडी-१ नावाच्या वितरित डेटाबेसमध्ये हीच युक्ती सेमीजॉइन म्हणून वापरली गेली: आधी किल्ल्या पाठवा, माल नंतर मागवा. ट्रिनो या अनेक डेटाबेसवर क्वेरी चालवणाऱ्या इंजिनमध्ये हल्ली ज्याला डायनॅमिक फिल्टरिंग म्हणतात त्याचं मूळ इथेच आहे.

आणखी एक गोष्ट, जी बहुतेकांच्या लक्षात येत नाही. पोस्टग्रेस आपल्या टेबलांत किती आणि कशा ओळी आहेत याचे अंदाज आपोआप ताजे ठेवतो, परक्या टेबलांचे ठेवत नाही. त्यांच्यावर ‘ॲनलाइज’ स्वतः चालवावं लागतं. नाहीतर प्लॅनर, म्हणजे क्वेरी कशी चालवायची ते ठरवणारा भाग, जुन्या अंदाजावर चुकीचा रस्ता धरतो.

आता उत्तराच्या खरेपणाकडे येऊ. मला सर्वात जास्त काळजी याची वाटते, कारण मंद क्वेरीची तक्रार येते, चुकीच्या तक्त्याची येत नाही.

मायएसक्यूएलच्या नेहमीच्या सेटिंगमध्ये इंग्रजी मोठी आणि लहान अक्षरं एकच धरली जातात. पोस्टग्रेसमध्ये ती वेगळी. तुमच्याकडे क्वालिटीचे कोड इंग्रजीत असणार, कारखान्यात कुणी कॅपिटलमध्ये लिहितो, ऑफिसात कुणी स्मॉलमध्ये. एका कोडची बिलं मागितली की अट मायएसक्यूएलकडे जाते, तिथे अक्षरं एकच धरली जातात, बिलं मिळतात. सगळ्या कोडांचा तक्ता काढला की जॉइन पोस्टग्रेसमध्ये होतो, तिथे कोड जुळत नाहीत, आणि तीच बिलं तक्त्यातून गायब होतात. क्वेरीत चूक नाही, डेटाही जागेवर आहे, पण तुलना कुठे झाली त्यावर उत्तर बदललं. मी हा घोळ एका कारखान्यात निस्तरला आहे. तिथे येणं बाकी कमी दिसत होतं आणि चार महिने ते कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. तक्ता मीच बसवून दिला होता आणि एकेका पार्टीवर तपासून बरोबर ठरवला होता. तेव्हापासून मी एकच नियम पाळतो: जोडायच्या कॉलमावर दोन्ही बाजूंना एकसारखी साफसफाई करणारा व्ह्यू, म्हणजे साठवून ठेवलेली क्वेरी, आधी, जॉइन नंतर. कोड कॅपिटल करा, शेवटचे स्पेस काढा. शेवटच्या स्पेसचंही तसंच आहे, मायएसक्यूएलची जुनी कोलेशन्स (अक्षरं जुळवण्याचे नियम) तो मोजत नाहीत, पोस्टग्रेस मोजतो.

मराठी मजकुरात हे आणखी अवघड होतं. ‘कऱ्हाड’ हे गावाचं नाव घ्या. त्यातला ‘ऱ’ एका कीबोर्डवरून स्वतंत्र अक्षर म्हणून येतो, दुसऱ्यावरून ‘र’ला नुक्ता जोडून येतो, तिसऱ्यावरून साध्या ‘र’ला हलन्त आणि त्यापुढे न दिसणारा झिरो-विड्थ जॉइनर लावून येतो. स्क्रीनवर तिन्ही सारखेच. पोस्टग्रेस १३ पासून असलेल्या ‘नॉर्मलाइज’ फंक्शनने पहिले दोन एक होतात, तिसरा होत नाही, त्याच्यासाठी वेगळं बदलून घ्यावं लागतं. ‘ॲ’ची तीच कथा, एकसंध ‘ॲ’ आणि ‘अ’वर चंद्र देऊन केलेला ‘अॅ’ हे नॉर्मलाइज करूनही वेगळेच राहतात. आणि जुन्या डेटाबेसमध्ये मजकूर युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये भरलेला असेल तर आत इंग्रजी अक्षरं आणि चिन्हंच साठवलेली असतात. ती आधी बदलल्याशिवाय जुळण्याचा प्रश्नच नाही.

म्हणून पार्टीच्या नावावर जॉइन कधीही करू नका. आपल्या सोलापूरच्या पूर्व भागातल्या तेलुगू आडनावांची मराठीत आणि इंग्रजीत मिळून तीन-चार स्पेलिंगं सहज सापडतात, आणि सगळी आपापल्या जागी बरोबर असतात. जीएसटी नंबरवर जोडा. तो १५ अक्षरांचा असतो, पहिले दोन अंक राज्याचे, महाराष्ट्राचे २७, पुढची दहा अक्षरं पॅनची, आणि शेवटचं अक्षर तपासणीचं, त्यामुळे शून्याच्या जागी ‘ओ’ टाइप झालेला पकडता येतो. एकाच पार्टीची दोन राज्यांत नोंदणी असेल तर नंबर दोन असतात, तिथे पॅनची दहा अक्षरं कामी येतात. ज्यांच्याकडे जीएसटी नंबर नाही अशा किरकोळ गिऱ्हाइकांसाठी जोडणीचं एक वेगळं टेबल करा, डावीकडे उत्पादनातला पार्टी कोड, उजवीकडे हिशेबातला, आणि ते टेबल तुम्ही भरू नका. ऑफिसात बिलं बनवणारे जे कोणी आहेत त्यांना भरायला द्या. कोण कोण आहे हे त्यांना माहीत असतं, आपल्याला नसतं.

मापाचा प्रश्न तर टॉवेलच्या धंद्यात पावलोपावली आहे. मागावरचा माल किलोत मोजला जातो, डिस्पॅच डझनात, बिल नगात. ७५ बाय १५० सेंटिमीटरचा ४५० जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला ४५० ग्रॅमचा, टॉवेल घ्या. क्षेत्रफळ १.१२५ चौरस मीटर, वजन साधारण ५०६ ग्रॅम, डझनाचं ६ किलो ७५ ग्रॅम. हे हिशेबातलं वजन झालं. मागावरचं खरं वजन सुतावर, धुलाईवर, ओलाव्यावर मागेपुढे होतं. क्वेरीत किलोचे डझन करून वजाबाकी केली की ‘शिल्लक १७.४ डझन’ असा आकडा येतो आणि तो मोजल्यासारखा दिसतो, खरा तो अंदाज असतो. मी तक्त्यात दोन्ही मापं शेजारी शेजारी दाखवतो, बदललेल्या आकड्याच्या कॉलमला ‘अंदाजे’ असं नाव देतो, आणि वजाबाकी एका मापातल्या दोन आकड्यांचीच करतो.

आता वर्षागणिक नव्या डेटाबेसचा भाग. विचारणाऱ्याने हा अडथळा एका ओळीत सांगितला आहे, पण भाषेला जोड देण्याचा मूळ प्रश्न इथेच येतो. नेहमीच्या एसक्यूएलमध्ये टेबलाचं नाव हे नाव असतं, त्याच्यावर अट घालता येत नाही. इथे मात्र ‘२०२३-२४’ ही माहिती डेटाबेसच्या नावातच आहे. संशोधक विटोल्ड लिटविन यांनी १९८० च्या दशकात एमएसक्यूएल नावाची बहु-डेटाबेस भाषा मांडली, तिच्यात एकाच क्वेरीच्या सुरुवातीला अनेक डेटाबेसची नावं देऊन तीच क्वेरी सगळ्यांवर सोडता येत होती. १९९६ साली लक्ष्मणन, सद्री आणि सुब्रमण्यन यांनी स्कीमाएसक्यूएल मांडली, तिच्यात चल (व्हेरिएबल) थेट डेटाबेसच्या, टेबलांच्या, कॉलमांच्या नावांवरून फिरवता येतात. एका युनिटने साइज ओळींत लिहिली, दुसऱ्याने प्रत्येक साइजला वेगळा कॉलम केला, तिसऱ्याने वेगळं टेबल, तर तिन्हींतून एकच उत्तर काढण्यासाठी ही कल्पना होती. रोजच्या वापरात या भाषा आल्या नाहीत, पण प्रश्न त्यांनी अचूक पकडला होता.

आपल्याला तो प्रश्न पोस्टग्रेसच्या पार्टिशनने सोडवता येतो. ‘बिलं’ नावाचं एक टेबल करा, तारखेनुसार विभागलेलं, आणि प्रत्येक वर्षाचं मायएसक्यूएलमधलं टेबल त्याचा एक विभाग म्हणून जोडा. मग ‘ऑगस्ट २०२३ ची बिलं’ असं तारखा देऊन विचारलं की एकाच वर्षाच्या डेटाबेसकडे क्वेरी जाते. दर १ एप्रिलला नवा विभाग जोडणारी छोटी स्क्रिप्ट आत्ताच लिहून ठेवा, मार्चअखेरच्या धांदलीत ती राहूनच जाते.

यात दोन खड्डे आहेत. परक्या विभागात त्या वर्षाच्याच तारखा आहेत की नाहीत हे पोस्टग्रेस तपासत नाही, तुमच्या शब्दावर विश्वास ठेवतो. ३१ मार्चचं बिल कुणी नव्या वर्षाच्या डेटाबेसमध्ये भरलं असेल, तर मार्चची बिलं मागितल्यावर तो डेटाबेस उघडलाच जाणार नाही आणि बिल दिसणार नाही. दर महिन्याला एकदा प्रत्येक विभागाची सर्वात लहान आणि सर्वात मोठी तारीख काढून बघा. दुसरा खड्डा आरंभीच्या शिलकेचा. प्रत्येक नवं वर्ष मागच्या येणं बाकीची नोंद करून सुरू होतं. खात्याच्या टेबलाचे पाच वर्षांचे डेटाबेस एकत्र करून नुसती बेरीज मारली की तीच बाकी पुन्हा पुन्हा मोजली जाते. त्या नोंदी प्रकारावरून ओळखून, पहिलं वर्ष सोडून बाकी सगळ्या वर्षांतल्या गाळा.

वेळेचं भान ठेवा. तीन डेटाबेसचे फोटो एकाच क्षणी निघत नाहीत. उत्पादन वाचून झालं आणि डिस्पॅच वाचायच्या आत गाडी सुटली, तर तो माल शिलकीत आणि रवानगीत दोन्हीकडे दिसेल. चालू क्षणाचा तक्ता देऊच नका, काल रात्री १२ पर्यंतचा द्या. पण ‘काल रात्री १२’ दोन्हीकडे एकच आहे ना हेही बघा. एका डेटाबेसमध्ये भारतीय वेळ आणि दुसऱ्यात यूटीसी ही जागतिक वेळ असेल तर साडेपाच तासांचा फरक पडतो, आणि पहाटे साडेपाचच्या आधीच्या रात्रपाळीच्या नोंदी आदल्या दिवशी जाऊन बसतात. गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या, दिवसांत माणसं सुट्टीवर असतात आणि नोंदी मागाहून मागच्या तारखेने भरल्या जातात, तेव्हा मालाची तारीख आणि नोंद केल्याची वेळ असे दोन कॉलम असतील तरच काल दिलेला तक्ता आज का बदलला ते सांगता येतं.

एका क्वेरीतून दोन डेटाबेसमध्ये लिहू नका. पोस्टग्रेसचा रॅपर आधी पलीकडे कमिट करतो, म्हणजे लिहिलेलं पक्कं करतो, मग इथे. त्या दोहोंच्या मध्ये वीज गेली तर पलीकडे लिहिलं गेलं, इथे नाही, आणि दुरुस्त करणारं कुणी नाही. दोन्हीकडचं लिहिणं एकत्रच पक्कं करणारं टू-फेज कमिट यासाठीच आहे, पण हा रॅपर ते करत नाही. डिस्पॅचची नोंद हिशेबात न्यायची असेल तर ‘पाठवायच्या नोंदी’ असं टेबल डिस्पॅचमध्येच ठेवा, मूळ नोंदीबरोबर एकाच व्यवहारात त्यात लिहा, आणि एक छोटा प्रोग्राम ते वाचून हिशेबात भरू दे.

राहिला ट्रिनोचा विचार. फेसबुकमध्ये २०१२ साली सुरू झालेल्या प्रेस्टोची ती शाखा, २०२० च्या डिसेंबरपासून ट्रिनो या नावाने ओळखली जाते. कॅटलॉग, स्कीमा, टेबल असं तीन भागांचं नाव लिहिलं की कुठलाही डेटाबेस जोडता येतो. पण तिला स्वतःचं मशीन आणि स्वतःची देखभाल लागते. तीन डेटाबेस आणि एक तक्ता एवढ्यासाठी मी ती बसवणार नाही. तुमच्या लॅपटॉपवर नुसतं चाचपून बघायचं असेल तर डकडीबी या छोट्या डेटाबेसमध्ये पोस्टग्रेस आणि मायएसक्यूएल दोन्ही ‘अटॅच’ होतात, सुरुवात तिथून करा.

आणि तिन्ही डेटाबेस एकाच वेळी चालू असणं ही या क्वेरीची अट आहे हे धरून चला. प्रत्येक जण १०० पैकी ९९ वेळा हजर असला तरी तिघं एकत्र सुमारे ९७ वेळाच. साखर पेठेचं इंटरनेट गेलं की मालकांचा तक्ता अडला. तुमच्या जागी मी असतो तर डिस्पॅच थेट जोडलं असतं, ते त्याच मशीनवर आहे. हिशेब रोज रात्री मटेरियलाइज्ड व्ह्यूमध्ये, म्हणजे उत्तर साठवून ठेवणाऱ्या व्ह्यूमध्ये, ओढून घेतला असता, आणि तक्त्याच्या माथ्यावर ‘हिशेब या वेळेपर्यंतचा’ अशी तारीख-वेळ छापली असती.

आज एवढंच करा: डिस्पॅच जोडा, गेल्या ७ दिवसांची क्वेरी दोन्ही तऱ्हांनी लिहा, आणि ‘रिमोट एसक्यूएल’च्या दोन ओळी एकाखाली एक ठेवून वाचा.